आपल्या गावाच्या नावातली कंपनी

स्मरणिका समितीनं मला विषय दिला होता, 'पंचवीस वर्षांपूर्वीचं धामणगाव'. पण तो विषय आपल्या सोसायटीतले निम्मे लोक माझ्यापेक्षा चांगला लिहितील. एसटीडीच्या पिवळ्या बूथवरची रात्रीची रांग, घरी टेलिफोन लागला म्हणून वाटलेले पेढे, प्लॉटवर जायला पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन केलेली कसरत, हे सगळं सगळ्यांच्याच ध्यानात आहे. माझी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून मी समितीला म्हटलं, मला जरा आणखी मागे जाऊ द्या. समितीनं मोठ्या मनानं परवानगी दिली, तेव्हा आता वाचकांनीही थोडा धीर धरावा.

आपल्या गावाचा पत्ता लिहिताना 'धामणगाव' एवढं लिहून भागत नाही. धामणगावं पुष्कळ आहेत. बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे, इतर जिल्ह्यांतही आहेत. म्हणून पुढे 'रेल्वे' लिहावंच लागतं. शेजारच्या चांदूरचंही तसंच, एक चांदूर बाजार आणि एक चांदूर रेल्वे. देवाचं, नदीचं, राजाचं नाव गावाला लागतं हे आपण जाणतो. आपल्या गावाला मात्र एका कंपनीच्या धंद्याचं नाव लागलं आहे. ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. जुनी माणसं तिला नुसतं 'जीआयपी' म्हणत. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, त्या निमित्तानं ही जीआयपी जन्माला आली तेव्हा जग कसं होतं, ते पाहू. शेवटी ही गोष्ट फिरून आपल्या सोसायटीपर्यंत येते, हे आधीच सांगून ठेवतो.

१८४९ साल

जीआयपी कंपनी लंडनमध्ये १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झाली. त्या दिवशी आपल्याकडे काय होतं?

पहिली गोष्ट, आपण इंग्रजांच्या राज्यात नव्हतो. १८०३ साली अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. म्हणजे १८४९ साली धामणगावचा माणूस निजामाच्या राज्यात राहत होता, आणि वर्धा ओलांडून पुलगावच्या बाजूला गेला की भोसल्यांच्या राज्यात पाय ठेवत होता. आज गाडीत बसलं की डबा उघडायच्या आत पुलगाव येतं. तेव्हा ती दोन राज्यांची सीमा होती.

राज्यं मात्र भराभर बुडत होती. आदल्याच वर्षी, १८४८ साली, लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि त्यानं शिवछत्रपतींच्या वंशाचं साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर करून खालसा केलं. १८४९ च्या मार्चमध्ये पंजाब घेतला. आता कोणाची पाळी, हा प्रश्न नागपूर आणि हैदराबादच्या दरबारात नक्कीच विचारला जात असेल.

त्याच वर्षांत पुण्यात दुसरंच काही चाललं होतं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८४९ साली सावित्रीबाई अठरा वर्षांच्या होत्या आणि त्याच साली या दांपत्याला घर सोडावं लागलं. मुंबईत 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रं छापून येत होती. विद्यापीठ नव्हतं, ते १८५७ साली आलं. तारायंत्र लोकांसाठी खुलं व्हायला अजून पाच वर्षं होती. साऱ्या देशाला एकच टपाल तिकीटही १८५४ चंच. मुंबईत कापडाची एकही गिरणी नव्हती. सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ साली झाला. विलायतेचं पत्र इजिप्तच्या वाळवंटातून जमिनीवरून नेऊन पुन्हा बोटीत चढवावं लागे.

जगात म्हणाल तर १८४८ साली युरोपातल्या अनेक राजधान्यांत क्रांत्या होऊन गेल्या होत्या. मार्क्स आणि एंगल्सचा जाहीरनामा लंडनमध्येच छापून झाला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यामुळे लोक घरदार विकून तिकडे धावत होते. आणि त्याच अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो गुलाम कापूस वेचत होते. आपल्या गोष्टीचा धागा या कापसाला बांधलेला आहे.

लंडनला वऱ्हाड कशाला हवं होतं?

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या त्या काळी बहुतेक अमेरिकन कापसावर चालत. १८४६ साली अमेरिकेतलं पीक कमी आलं, भाव चढले, गिरणीवाले घाबरले. एकाच देशावर भरवसा ठेवून चालणार नाही, हिंदुस्थानचा कापूस मिळाला पाहिजे, अशी ओरड सुरू झाली. १८४८ साली पार्लमेंटनं 'हिंदुस्थानातील कापसाची लागवड' या विषयावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जॉन ब्राइट, मँचेस्टरचे खासदार. ब्राइट मूळचे मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावचे, तिथल्या गिरणीमालक घराण्यातले. हे रॉचडेल नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कापूस तर आपल्याकडे होताच. अडचण होती ती नेण्याची. वऱ्हाडातून मुंबईला जायचं म्हणजे सुमारे सातशे किलोमीटर, मध्ये सह्याद्रीचे घाट. माल न्यायचे ते बंजारे, बैलांच्या पाठीवर. तांडा दिवसाला आठ-दहा मैल चालणार, पावसाळ्यात काळ्या मातीत अडकणार, वाटेत धूळ, काटे, पाणी सगळं कापसात मिसळणार. पुष्कळ माल मुंबईला न जाता उत्तरेला मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून नावेनं कलकत्त्याला. १८४२ साली अमरावतीच्या एकट्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून त्या वाटेनं धाडला, असं सांगत, आणि ती गोष्ट जुन्या गॅझेटिअरातही आली आहे. आकडा सोडून द्या, पण नुसतं चित्र डोळ्यांपुढे आणा. आपल्या आजच्या बाजार समितीच्या आवारात हंगामात बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागते, तेवढ्यानं आपण वैतागतो.

म्हणून जीआयपीनं ईस्ट इंडिया कंपनीशी १७ ऑगस्ट १८४९ रोजी जो करार केला, तो दिसायला मुंबईजवळच्या ३५ मैलांच्या प्रायोगिक मार्गाचा होता. हेतू मात्र मुंबई खानदेश आणि वऱ्हाडाला जोडण्याचा होता. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठी नवलाची वाटली. वऱ्हाड परक्या राज्यात, इथल्या माणसानं इंजिन कधी पाहिलेलं नाही, आणि लंडनच्या करारात वऱ्हाडाचं नाव मुक्कामाचं ठिकाण म्हणून घातलेलं!

पाच टक्क्यांची हमी

आता कंपनीच्या पैशाची गोष्ट. सोसायटीच्या हिशेबावर वादविवाद करणाऱ्या आपल्या सभासदांना ती आवडेल.

इंग्लंडात १८४५ ते १८४७ मध्ये रेल्वेच्या शेअरचं वेड लागलं होतं आणि मग तो फुगा फुटला. हजारो लोक बुडाले. त्यामुळे सात समुद्रांपलीकडच्या रेल्वेत पैसा घालायला कोणी तयार होईना. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं हमी दिली: जमीन फुकट, मुदत ९९ वर्षांची, आणि भांडवलावर पाच टक्के व्याज नक्की. रेल्वेला फायदा झाला नाही तरी व्याज मिळणार. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून भरायचं. खर्च किती होतो याची काळजी लंडनच्या भागधारकाला उरली नाही. या पद्धतीवर पुढे दादाभाई नौरोजींसारख्यांनी कडाडून टीका केली, ती उगाच नाही.

याचा अर्थ आपल्या माणसांना रेल्वे नको होती असा नाही. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेतला होता. पण ज्या कास्तकाराच्या शेतसाऱ्यातून हमी दिली गेली, त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो भागधारक नव्हता, जामीनदार होता, आणि आपण जामीन आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं.

काम सुरू झालं १८५० साली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. ही कथा सर्वांना पाठ आहे. पण त्यानंतर अवघ्या पस्तीस दिवसांनी, २१ मे १८५३ रोजी, काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. फौजेच्या खर्चाचं कर्ज फिटत नाही म्हणून निजामानं त्या दिवशी तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्याच डिसेंबरमध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ साली नागपूरही खालसा झालं. त्या वेळी डलहौसीनं जी टिपणं लिहिली त्यांत इथल्या कापसाचा हिशेब आहे. वर्धेच्या दोन्ही तीरांवर आता एकच निशाण होतं. रुळांपुढची सीमा गेली होती.

गाडी आली ती उशिरा

गंमत अशी, की ज्या वेळी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वेळी गाडी इथे पोचलीच नव्हती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मुंबईचा भाव आकाशाला भिडला. पण थळ घाट १८६५ च्या जानेवारीत खुला झाला, तेच युद्धाचं शेवटचं वर्ष. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतले मोठमोठे सट्टेवाले बुडाले. नागपूरपर्यंत गाडी धावली ती १८६७ साली. म्हणजे कंपनी स्थापन झाल्यापासून अठरा वर्षांनी आपल्या शिवारातून रूळ गेले.

रूळ आले आणि गाव वाढलं. जुनं धामणगाव होतं तिथेच राहिलं. दत्तापूरला लागून टेशनाच्या आधारानं बाजारपेठ उभी राहिली, जीन आले, प्रेस आले, मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले. यवतमाळला रेल्वे नव्हती, तेव्हा तिकडचा माल सुमारे २९ मैलांच्या रस्त्यानं बंड्यांतून आपल्या टेशनावर येई. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळला 'शकुंतला' धावू लागली, तोवर आपलं गाव यवतमाळचं दार होतं. आपल्या सोसायटीतल्या निदान पाच-सहा घरांचे पूर्वज या ना त्या निमित्तानं त्या टेशनावर उतरलेले आहेत. कोणी हमाल म्हणून, कोणी मुनीम म्हणून, कोणी मास्तर म्हणून. माझे आजोबा जिनात काट्यावर होते. कापसाची धूळ छातीत घेऊन ते म्हातारे झाले आणि तरी आयुष्यभर 'टेशन आहे म्हणून पोट आहे' असं म्हणत.

पण हिशेब एकाच बाजूचा मांडायचा नसतो. ज्या बंजाऱ्यांनी शतकानुशतकं या देशाचा माल वाहिला, त्यांचा धंदा रुळांनी एका पिढीत मोडला. बैल विकून कोणी शेतमजूर झाले, कोणी डोंगराच्या कडेला तांडा टाकून राहिले. यवतमाळ, वाशीमकडचे आजचे तांडे पाहताना हा इतिहास आठवायला हवा. कास्तकाराचंही तसंच. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी वाढत गेली. हातात रोकड आली, पण भाव लिव्हरपूलला ठरू लागला. आपल्या बांधावर उभं राहून तो भाव वाढवता येत नव्हता, तो फक्त ऐकता येत होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडाचे फार हाल झाले. गाडीनं धान्य येऊ शकत होतं हे खरं. पण ते विकत घ्यायला पैसा लागतो, आणि पऱ्हाटीही वाळली होती. कापसाचा भाव दूर कुठे तरी ठरतो, ही तक्रार आजही आपल्या पारावर ऐकू येते. तिचं वय दीडशे वर्षांचं आहे.

एका बाबतीत मात्र कंपनीचा अंदाज साफ चुकला. कंपनीवाल्यांना वाटलं होतं, इथली माणसं गरीब, जातपात पाळणारी, ती कशाला गाडीत बसतील? कमाई होईल ती मालाची. प्रत्यक्षात थर्ड क्लासचे डबे ओसंडून वाहू लागले. तीर्थाला, लग्नाला, बाजाराला, शाळेला, कोर्टाला माणसं निघाली. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून आपल्या पोरी अमरावती-नागपूरला शिकायला गेल्या. हे लंडनच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते आपल्या लोकांनी तिकीट काढून घडवलं.

जीआयपीची मालमत्ता १९०० साली सरकारनं विकत घेतली, १ जुलै १९२५ पासून कारभारही सरकारकडे आला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपनी गेली, गावाच्या नावातलं 'रेल्वे' राहिलं.

आणि रॉचडेल

आता ते ध्यानात ठेवलेलं नाव. जॉन ब्राइटच्या रॉचडेल गावात, जीआयपीच्या जन्माच्या पाच वर्षं आधी, अठ्ठावीस जणांनी मिळून एक दुकान काढलं. त्यांत विणकर होते, इतर कारागीर होते. मजुरी तुटपुंजी, दुकानदार पिठात भेसळ करणार, उधारीत अडकवणार. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत त्यांनी २८ पौंड जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. माल होता पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, असा मोजकाच. नियम साधे: माल चोख, माप पूर्ण, रोखीचा व्यवहार, नफा सभासदांत खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, आणि शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. जगातल्या सहकारी चळवळीचे नियम या दुकानावरून घेतले गेले. हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला, महाराष्ट्राचा १९६० साली. आपल्या सोसायटीची नोंदणी त्याच कायद्याखाली झालेली आहे.

म्हणजे पाहा, एकाच काळात, लँकेशायरच्या एकाच कोपऱ्यात दोन विचार चालले होते. गिरणीमालकांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, त्यातून आपलं गाव वाढलं. कामगारांना चोख पीठ हवं होतं, त्यातून आपली सोसायटी आली. आपण रोज सकाळी एकाच्या पत्त्यावर आणि दुसऱ्याच्या घरात उठतो.

दोन्हींत 'शेअर' हाच शब्द आहे. पण जीआयपीच्या शेअरवाल्याला धामणगाव कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला पाच टक्के घरबसल्या मिळत. आपल्याकडचं पाचशे रुपयांचं भागपत्र तसं नाही. त्यावर व्याजाची हमी कोणीच देत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे पऱ्हाटी उभी होती, तिथे रस्ता, नाली, बोअरवेल, मंदिरापुढची कडुनिंबाची झाडं, हे त्या भागपत्राचं व्याज. ते रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत चाललेल्या सभांतून, वर्गणीतून, भांडणातून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलण्यातून आलेलं आहे.

हे मी आज का लिहितो, ते स्पष्टच सांगतो. गेली काही वर्षं आपली वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासानं आहे त्या आठ-दहा जणांत उरकते. मुलं पुण्याला, हैदराबादला, कोणाची परदेशात. कित्येक घरांना कुलूप आहे. मोकळ्या जागेचा काही भाग देऊन टाकावा, अशी कुजबुज दरवर्षी ऐकू येते, आणि त्यावर मत द्यायला येणारे मात्र कमी कमी होत आहेत. वर्गणी ऑनलाइन येते, माणूस येत नाही. म्हणजे हळूहळू आपणही लांब राहून फक्त पाच टक्क्यांची वाट पाहणारे भागधारक होत चाललो आहोत. मोकळ्या जागेबद्दल माझं मत काय, हे इथे सांगत नाही. ते मी सभेत सांगेन. पण निर्णय काहीही होवो, तो आठ जणांनी घेतलेला नसावा.

बाहेरगावी असणाऱ्या मुलांना माझी एक विनंती. या वर्षीची सभा दिवाळीच्या सुट्टीला लागून ठेवावी, असं मी समितीला सुचवलं आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. घरच्यांशी बोलून तारीख पक्की करा आणि तिकीट काढा. धामणगावला न थांबणारी गाडी असेल तर वर्धा किंवा बडनेऱ्याला उतरा, आम्ही घ्यायला येऊ.